मेणाची पसंती

आमच्या घरात मला बघायला येणाऱ्या मुलाची जेवढी चौकशी झाली, त्याच्या चौपट चौकशी गाडीला लावायच्या मेणाची झाली. हे मी रागाने लिहीत नाही. रागाचं वय गेलं. आता गंमत वाटते. मुलगा जिंतूरकडचा, घरी जमीनजुमला, पत्रिका जुळते, एवढ्यावर अण्णांनी एका संध्याकाळी ‘बघायला यावे’ म्हणून पत्र टाकलं. मेणाला मात्र पंधरा दिवस लागले. ते कशापासून होतं, कुठल्या मुलखातून येतं, त्याचा वास कसा, आधी ज्यांनी वापरलं त्यांचं काय म्हणणं, सगळं विचारून झालं. मुलाबद्दल यातलं एकही कोणी विचारलं नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. वकील. शिकले उर्दूत, वकिलीही उर्दूतच केली. निजामाच्या राज्यात त्यांचं बोलणं ऐकायला कोर्टात गर्दी व्हायची असं ते सांगत, आणि सांगणारे एकटे तेच असल्यामुळे उलटतपासणीचा प्रश्न नव्हता. पोलीस ॲक्शननंतर कोर्टाची भाषा बदलली, हाकिम बदलले, आणि अण्णा पन्नाशीच्या तोंडावर इंग्रजीची पुस्तकं घेऊन बसले. त्याच सुमारास छावणीच्या बाजूचं एक जहागीरदार कुटुंब सामानसुमान विकून हैदराबादला निघालं. त्यांची काळी विलायती मोटार अण्णांनी घेतली. वकिली जरा खालावली आहे असं लोकांना वाटू लागलं, की वकिलाने मोटार घ्यावी, असं त्यांचं शास्त्र होतं. गाडीबरोबर एक जॅक, एक स्टेपनी आणि मन्नानचाचा आले. मन्नानचाचा त्या जहागीरदारांचे ड्रायव्हर. त्यांना हैदराबादला कोणी नेलं नाही, म्हणून ते गाडीसोबत आमच्याकडे राहिले. अण्णा त्यांना ‘मन्नानमियाँ’ म्हणत, आम्ही चाचा म्हणत असू, आणि आत्या त्यांच्याशी दाराआडून बोलायची पण त्यांचा चहा मात्र सगळ्यांच्या आधी करायची.

औरंगपुऱ्यातलं आमचं घर तीन खोल्यांचं, वर पत्रे, पुढं मोठं अंगण आणि अंगणात एक कडुनिंब. घरात माणसं चार. अण्णा, आई, मी आणि आत्या. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. घराचा सगळा कारभार तिच्या हातात होता, आणि आई त्या कारभाराखाली इतकी गप्प राहायची की पाहुण्यांना ती कधी कधी दिसायचीच नाही. उन्हाळा आला की आत्याला चैन पडत नसे. उडदाच्या पापडाचं पीठ वरवंट्याने कुटण्याचा धप् धप् आवाज सकाळपासून सुरू व्हायचा. वरवंट्याला तेलाचा हात, पिठाला पापडखाराचा वास. कुरडया, सांडगे, आमटीचा येसर मसाला, लोणचं, सगळ्याला आत्या ऊन दाखवायची. तिचा उन्हावर देवाइतकाच विश्वास होता. आलेल्या पाहुण्यालाही तिने अंगणातल्या चटईवर पसरलं असतं, एवढंच की पाहुणे ऐकले नसते.

त्या उन्हाळ्यात मी मॅट्रिकची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होते. मला कॉलेजात जायचं होतं. हे सांगायला मी आठवडाभर धीर गोळा केला आणि एका दुपारी अण्णांच्या ताटात भाकरी वाढता वाढता सांगून टाकलं. अण्णांनी शेंगदाण्याची चटणी कालवली, घास घेतला, पाणी प्यायले आणि म्हणाले, “जिंतूरचं जमलं तर प्रश्नच नाय. नाय जमलं तर घालू कॉलेजात.” ताक उरलं तर वाढा म्हणावं, तितक्या सहज. पण वकिलाच्या तोंडचा शब्द होता, आणि आईने तो ऐकला होता. तेव्हापासून माझं पुढचं सगळं आयुष्य ‘नाय जमलं तर’ या तीन शब्दांवर उभं होतं. मी देवापुढे रोज हात जोडायची, पण काय मागायचं ते उघड म्हणायची चोरी होती.

पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं ते मोटारीतून, हे ठरलेलंच होतं. अडचण एवढीच होती की मोटार काळी उरली नव्हती. उन्हाने आणि धुळीने तिचा रंग मेला होता. हात फिरवला तर बोटाला राखाडी भुकटी लागायची. तेव्हा अण्णांनी मेणाचा विषय काढला, आणि आमच्या घरात खटला उभा राहिला.

पहिला उमेदवार मुंबईचा. अण्णांच्या एका पक्षकाराने मुंबईहून मेणाचा चपटा पिवळा डबा आणला होता. झाकणावर एका मोटारीचं चित्र, शेजारी टोपी घातलेली मडम, आणि मागे बारीक इंग्रजीत सूचना. दुसरा उमेदवार मन्नानचाचांचा. दौलताबादच्या डोंगरातल्या पोळ्यांचं मेण आणायचं, ते टर्पेंटाइनमध्ये विरघळवून ठेवायचं आणि जुन्या मलमलीने लावायचं. जहागीरदारांकडे त्यांनी बारा वर्षं हेच लावलं होतं. तिसरा उमेदवार आत्याचा, खोबरेल तेल. देव्हाऱ्याला ती खोबरेल लावायची आणि देव्हारा कसा लखलखतो, हा तिचा पुरावा. तिन्ही वस्तू व्हरांड्यात ओळीने मांडल्या होत्या. अण्णा एकेकीचा वास घेत, बोटाने चोळत, डोळे मिटून विचार करत. पंधरा दिवसांनी मलाही असंच व्हरांड्यात आणून बसवायचं होतं, पण माझ्याबाबतीत डोळे मिटून विचार करण्याची गरज कोणाला भासली नाही.

आत्याचं खोबरेल पहिल्याच दिवशी बाद झालं. तिने मडगार्डला चमचाभर लावून दाखवलं आणि संध्याकाळपर्यंत औरंगपुऱ्यातली सगळी धूळ त्या मडगार्डवर येऊन बसली. आत्या म्हणाली तेल वाईट नाही, गावच धुळीचं आहे. राहिले दोन. चाचांचं म्हणणं असं की मेण कुठलंही घ्या, मुंबईचं घ्या की डोंगराचं घ्या, आधी पॉलिश झालं पाहिजे. मेलेला रंग काढल्याशिवाय मेण लावण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडे शहागंजातून आणलेली पॉलिशची बाटली होती, खडूच्या पाण्यासारखं पांढरं काहीतरी. ते मला समजावून सांगत, कारण घरात ऐकून घेणारी मी एकटीच होते.

“पॉलिश रंग कू खाता, बेटी, मोम रंग कू ढाँकता. पैले खिलाना, फिर ढाँकना. उल्टा करना नक्को.”

मग त्यांनी मागच्या दाराचा वीतभर तुकडा पॉलिश करून दाखवला. खालून असा काळाभोर रंग निघाला की मी बघत राहिले. पण अण्णांचं लक्ष गाडीकडे नव्हतं, चाचांच्या हातातल्या फडक्याकडे होतं. फडकं काळं झालं होतं. अण्णांनी ते दोन बोटांत धरून खुनाच्या खटल्यातल्या मुद्देमालासारखं उन्हात वर केलं आणि विचारलं, हे काय? चाचा म्हणाले, मेलेला रंग आहे साब, तो निघणारच. अण्णा म्हणाले, रंग निघतोय हे तुम्ही कबूल करता तर. झालं. चाचा बारा वर्षांचा अनुभव सांगायला लागले, पण कबुलीजबाबानंतर अण्णा कोणाचं ऐकत नसत. पॉलिश बंद. चाचांचं डोंगरातलं मेणही त्याच निकालात निघालं, कारण साक्षीदार एकदा खोटा ठरला की त्याची सगळीच साक्ष खोटी. निवड झाली मुंबईच्या डब्याची. मडमेचं चित्र असल्यामुळे त्यावर शंका घेण्याचं कारण नव्हतं.

डब्यामागचं इंग्रजी वाचायला मला बोलावलं. अण्णांना येत नव्हतं असं नाही, पण चष्मा सापडत नव्हता. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. मी वाचून मराठीत सांगितलं की गाडी धुऊन सावलीत उभी करायची, मेण अगदी पातळ लावायचं, एका वेळी हातभर जागेलाच लावायचं, आणि पांढुरकं झालं की लगेच मऊ कापडाने पुसून काढायचं. अण्णांनी ‘सावलीत’ हा शब्द पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाले, “विलायतेत ऊनच नसतं. म्हणून बिचारे सावलीत लावतात. कायदा त्या त्या मुलखापुरता असतो.” आत्याला हे फार पटलं. मेण म्हणजे शेवटी चरबीच की, ते मुरायला पाहिजे, आणि मुरायला ऊन पाहिजे. पातळ लावायचं हेही दोघांना कंजूसपणाचं वाटलं. मी परत म्हटलं, अण्णा, पुसून काढा असं लिहिलंय. अण्णा म्हणाले, लावलेलं पुसायचं तर लावायचं कशाला?  

परवाच आमच्या नातवाने नवीन गाडी घेतली. शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरी आहे त्याची. गाडीला कुठलं मेण, कुठलं कोटिंग, यासाठी तीन आठवडे मोबाइलवर व्हिडिओ बघत होता. लग्न ठरवताना दोन भेटींत आटोपलं होतं. मी म्हटलं, पातळ लाव, सावलीत लाव आणि वेळेवर पूस. तो हसला, म्हणाला आजी, तुला यातलं काय कळतं? मग जालना रोडवरच्या दुकानदाराने त्याला हेच सांगितलं, थंडगार काचेच्या खोलीत, इंग्रजीत. तेव्हा त्याला पटलं. आमच्या घराण्यात रक्त चांगलं टिकून आहे.

तर पाहुणे यायच्या चार दिवस आधी अण्णांनी आणि आत्याने गाडीला मेण थापलं. थापलं हाच शब्द बरोबर आहे. सगळा डबा संपवला. गाडी अंगणाच्या मधोमध, वैशाखाच्या उन्हात, एका बाजूला पापडांची चटई, दुसऱ्या बाजूला लोणच्याची बरणी. तीन दिवस तिघांना ऊन दाखवलं. संध्याकाळी दव नको म्हणून आत्या गाडीवर जुनी धोतरं पसरायची आणि सकाळी पापडांबरोबर ती काढायची. चाचा कडुनिंबाखाली बसून हे बघत होते. पहिल्या दिवशी त्यांनी हात कपाळाला लावला, दुसऱ्या दिवशी गाडीकडे पाठ करून बसले, तिसऱ्या दिवशी नमाजाला गेले ते दुपारपर्यंत आलेच नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी, म्हणजे पाहुणे यायच्या आदल्या दिवशी, आत्याने मेण मुरलं असं जाहीर केलं आणि अण्णांनी फडकं घेतलं. फडकं सरकेना. मेण दगड झालं होतं. काळी गाडी पांढरट झाली होती, कोड फुटल्यासारखी, त्यात धूळ रुतलेली, टपावर चिमण्यांची पावलं, आणि बॉनेटवर आत्याने पसरलेल्या धोतराची वीण जशीच्या तशी उमटलेली. अण्णांनी नखाने खरवडून बघितलं. मग ते व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसले. मी त्यांना खटले हरताना कधी पाहिलं नव्हतं, कारण कोर्टात मला कोण नेणार, पण हरल्यावर ते असेच बसत असतील. उर्दूतलं सगळं आयुष्य गेलं, इंग्रजी येईना, आणि माणसाने शेवटी ज्या गाडीचा आधार घेतला होता तिचंही हे झालं.

आत्या खचणारी नव्हती. तिने तांब्या-पितळेची भांडी घासायची तयारी बाहेर आणली, चिंचेचा कोळ आणि चुलीतली राख, आणि पदर खोचला. मला कळत होतं पुढं काय होणार ते. राखेने मेण निघालं असतं आणि त्याबरोबर रंगही गेला असता, ओरखडे पडून गाडी कायमची भंगारात गेली असती. पाहुणे उद्या स्टेशनवर उतरून ती गाडी बघणार होते. जिंतूरची मंडळी मानपानाची, असं सगळे सांगत होते. तसल्या गाडीतून आणलं तर ती मंडळी चहा पिऊन परत गेली असती. नाय जमलं तर. मला फक्त गप्प बसायचं होतं.

कारण मला उपाय माहीत होता. चाचांनी त्या पॉलिशच्या दिवशीच सांगितलं होतं की वाळलेलं मेण टर्पेंटाइनला विरघळतं, सावलीत, थोडं थोडं, आणि मग खालचा रंग पॉलिशला तयारच असतो. मी चिंच कोळली जाईपर्यंत गप्प राहिले. आत्याने राखेची पहिली मूठ घेतली तोवर गप्प राहिले. मग माझं लक्ष पायरीवर गेलं. अण्णा आपल्या तळहाताकडे बघत होते. नखात मेण अडकलं होतं, ते काढतही नव्हते. मला त्यांची दया आली. फार दया आली. एवढी की मला माझाच राग आला.

“आत्या, राख लावू नको,” मी म्हटलं. “मला माहितीय कसं काढायचं.”

चाचांना बोलावून आणलं. ते आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि शहागंजातून टर्पेंटाइन घेऊन आले. गाडी ढकलत कडुनिंबाखाली नेली. दिवसभर आम्ही दोघं तिला भिडलो होतो. मी मेण काढत पुढं, चाचा पॉलिश करत मागं. फडक्यांमागून फडकी काळी झाली आणि या वेळी अण्णांनी एकही उन्हात वर केलं नाही. शेवटी चाचांनी आपलं डोंगरातलं मेण बाहेर काढलं. पातळ, हातभर जागेला, लगेच पुसलेलं. दिवेलागणीला गाडी अशी झाली की रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. अण्णा तिच्याभोवती फिरले. माझ्याकडे बघून म्हणाले, “शाबास. आता उद्याचं जमलंच म्हणायचं.” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते.

दुसऱ्या दिवशी आईने माझे हात बेसन आणि लिंबाने तीनदा चोळले तरी टर्पेंटाइनचा वास गेला नाही. पाहुणे चौघं होते, मुलगा, त्याचे आईवडील आणि एक मामा. मुलाचे वडील धिप्पाड, पांढऱ्या मिशा, मोठा फेटा. चुरमुऱ्यांची सुशीला खाल्ली, शिरा खाल्ला. मुलाच्या आईने स्वयंपाक येतो का विचारलं, मामांनी वाचता येतं का विचारलं, मुलाने काहीच विचारलं नाही. तो शिऱ्यातले बेदाणे वेगळे काढत होता. माझी चौकशी एका कप चहात आटोपली. मग मुलाच्या वडिलांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “गाडी बघू की जरा निवांत. स्टेशनवर गडबडीत नीट बघता नाय आली.”

सगळे अंगणात गेले. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. गाडीची चौकशी बराच वेळ चालली. कुठली, कधीची, तेल किती खाते, चढ चढते का, दार लावल्यावर आवाज कसा येतो. दार चार वेळा लावून बघितलं. मुलगासुद्धा इथं बोलला. मामांनी बॉनेटवर हात फिरवून विचारलं, हे रंगकाम कोणी केलं? अण्णा म्हणाले, आमचा ड्रायव्हर आहे, जहागीरदारांकडचा. चाचांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मग मुलाच्या वडिलांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला.

“वकीलसाहेब, मुलगी पसंत हाय. आमच्यात देण्याघेण्याचं काही नाय, तुम्ही मनात आणू नका. फक्त गाडी तेवढी मुलीसंगं येऊ द्या. आमच्याकडं रस्ते लांबलांब, पोरीला उन्हातान्हात त्रास नको.”

आत्याने पदर तोंडाशी नेला. अण्णांनी गाडीकडे बघितलं, टपापासून चाकापर्यंत. मग गळा साफ केला आणि कोर्टातल्या आवाजात म्हणाले, “मुलीचं आमचं कबूल आहे. गाडीबद्दल मात्र विचार करून कळवतो.”

मी हे वाक्य ऐकलं तेव्हा मला आधी हसू आलं. खरंच आलं, मी पदर तोंडात धरला. मग ते लागलं. माझ्याबद्दल विचार करावा लागला नव्हता. मी काल सगळा दिवस त्या गाडीला घासलं होतं, आणि आज दोघींपैकी जिला सोडणं जड जाणार होतं ती मी नव्हते. आज इतकी वर्षं झाली, अण्णा जाऊनही जमाना झाला, मी हे कोणाला सांगते तेव्हा सगळे पोट धरून हसतात आणि मीही हसते, पण तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही.

विचार चालू राहिला. पंधरा दिवसांनी जिंतूरहून पत्र आलं, गाडीचा विचार झाला का म्हणून. अण्णांनी ते घडी घालून ठेवलं. आणखी एक पत्र आलं, तेही ठेवलं. तिसरं आलंच नाही. तोवर माझा निकाल लागला होता. एका दुपारी अण्णा जेवत होते, आत्या जवळच पंखा हलवत होती, आणि आई, जी पंगतीत कधी बोलायची नाही, ती हातातली भाकरी परातीत ठेवून म्हणाली, “जिंतूरचं जमलं नाय ना? मग उद्या कॉलेजचा फॉर्म आणा.” आत्याचा पंखा थांबला. अण्णांनी तिच्याकडे बघितलं, बहुतेक बऱ्याच वर्षांनी नीट बघितलं असावं. दुसऱ्या दिवशी ते फॉर्म घेऊन आले.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी वह्या घेऊन बाहेर आले तर गाडी अंगणातून काढून दारासमोर आणलेली. चाचा आत बसलेले, अण्णा बाहेर कोट घालून उभे. त्याआधी त्यांनी मला कुठे सोडायला म्हणून गाडी काढलेली मला आठवत नाही. म्हणाले, “चल, सोडतो.” त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं, आणि मला ते एवढ्यात मान्य करायचं नव्हतं. मी दारावर हात ठेवला, क्षणभर विचार केला, आणि म्हटलं, नको अण्णा, मी चालत जाते. ते म्हणाले, बरं. मी रस्त्याच्या वळणापर्यंत गेले आणि मागे वळून बघितलं. अण्णा अजून तिथेच होते, जरा वाकून, आणि मी हात ठेवला होता तेवढी जागा रुमालाने पुसत होते.